आगराचा रकाना

जना,

तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलाच आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांनी हा नियम केला त्यांची तुझ्याशी गाठ पडली नसणार.

तुझ्या दहाव्याला पेणच्या कारखान्यातली मंडळी आली होती. गणपतीचे डोळे रेखायला जनाचा हात धरणारा कोणी नव्हता, असं एकाने सांगितलं. ते खरंच आहे. दुसरा म्हणाला, 'साधा माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात.' तू, आणि अध्यात ना मध्यात! बंदूक घेऊन आलेल्या चार जणांच्या जीपपुढे सायकल आडवी टाकून बसलेला तू! मला तिथे बसवेना. मी उठून बांधावर गेलो आणि तुला मोठ्याने एक शिवी घातली. एक म्हातारी शेण घेऊन चालली होती, तिने माझ्याकडे वळून बघितलं. बघू दे.

तुझीमाझी गाठ पडली त्यालाही आता आठ-नऊ वर्षं झाली. नव्वद साल नुकतंच लागलं होतं. वडखळच्या नाक्यावर मी अलिबागच्या एसटीची वाट बघत उभा होतो, गळ्यात जुन्या बाजारातली दुर्बीण. तू सायकल टेकवून चहा पीत होतास. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलंस, 'मिलिटरीतले काय?'

'नाही. रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहे. लॅबमध्ये. सुट्टीला पक्षी बघतो.'

'आनि ते बघायला अलिबागला चाललांव?'

'हो.'

'म्हंजे जेवन हितं वाढलंय आनि तुमी पत्रावळ घेऊन दुसऱ्या गावाला.' बशीतला चहा तू संपवलास. 'बसा मागं.'

बी.एस्सी. झालेला मी, रोहा-अष्टमीच्या बाजारात इस्त्रीचे कपडे घालून फिरणारा मी, एका अनोळखी माणसाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून खाडीकाठच्या खारेपाटात गेलो. तुझ्या गावाच्या मागे ते आगर होतं. तुझा बाप तिथे मीठ पिकवायचा. पुढे बांधाला खांड गेली, ती कुणी बुजवली नाही, मिठाचं काम बंद पडलं आणि तू सातवीतून शाळा सोडून रंगाचा ब्रश हातात धरलास. बापाचं आगर मात्र रिकामं राहिलं नव्हतं. खाडीला भरती आली, चिखल बुडाला की खाडीतले झाडून सगळे पक्षी येऊन त्या जुन्या वाफ्यांत बसायचे. लांब लाल पायांचे शेकाटे, चोच चिखलात खुपसणारे तुतवार, आणि मधल्या खोल पाण्यात शेपटीची सुई वर करून पोहणारी तलवार बदकं. त्या दिवशी मी दुर्बीण डोळ्याला लावली ती खाली घ्यायचं विसरलो. तू शेजारी उकिडवा बसून बिडी ओढत होतास, जणू ती सगळी जत्रा तूच भरवली होतीस.

त्यानंतर हिवाळ्यातला माझा एकही रविवार घरी गेला नाही. बायको म्हणायची, 'पेणला दुसरं बिऱ्हाड केलंय का?' फर्स्ट शिफ्ट असली तरी संपवून मी रोह्याहून निघायचो आणि तू बांधावर उभा असायचास. मी वर्तमानपत्रातून भरतीची वेळ कापून आणायचो. तू ती चिठ्ठी बघायचासुद्धा नाहीस. आज तिथी कोणती, तिची पाऊणपट किती, तेवढे वाजता पूर्ण भरती, एवढं पुटपुटून म्हणायचास, 'अजून अर्धा तास हाय. भेळ खाऊया.' आणि अर्ध्या तासाने पाणी यायचं.

मोजणी तूच मला शिकवलीस. मी एक, दोन, तीन करत जायचो आणि थवा उडाला की बोंबलायचो. तू म्हणालास, मूर्ती रंगवताना एकेक बोट रंगवत बसलं तर गणेश चतुर्थी पुढच्या सालात जाईल. आधी शंभर पक्षी डोळ्यात बसव. तेवढी एक चटई समज. मग ती थव्यावर अंथरत जा. किती चटया लागल्या तेवढे शेकडे. मी हसलो होतो. पण फोटो काढून, टाचणीने टोचून टोचून मोजलं, तेव्हा तुझा आकडा माझ्यापेक्षा जवळ निघाला. त्या दिवशी भेळेचे पैसे तू मला द्यायला लावलेस.

मग तो फॉर्म आला. मुंबईच्या एका पक्षीप्रेमी मंडळाला कुणीतरी माझा पत्ता दिला होता. दर जानेवारीत आपापल्या भागातल्या पाणथळ जागांवर जायचं, पक्षी मोजायचे, छापील इंग्रजी फॉर्मवर आकडे भरून पाठवायचे, खाली मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. रोह्याकडचा तलाव, कुंडलिका नदीचा काठ, पेणची खाडी आणि चौथा रकाना तुझ्या आगराचा. पहिल्या वर्षी आपण सगळं खरं भरलं. तू सही करताना जीभ बाहेर काढली होतीस. इंग्रजी फॉर्मवर मराठी सही चालते का, असं तीनदा विचारलंस.

त्याच वर्षी, पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, ती जीप आली. चार माणसं, दोन बंदुका, थेट आगराच्या बांधावर. रस्ता कुणाला विचारला नाही, वाट चुकले नाहीत. तू सायकल आडवी घालेपर्यंत पंधरा-वीस बदकं पाण्यात उलटी तरंगत होती. मला बातमी कळली तेव्हा मी धावत आलो. तू पंख मोडलेलं एक तलवार बदक मांडीवर घेऊन बसला होतास. ते संध्याकाळी मेलं.

'ह्यांना आगर कुनी दाखवलं?' तू विचारलंस.

'मला काय माहीत? कुणीतरी सांगितलं असेल.'

'आपल्या कागदानं सांगितलं.'

मी म्हणालो, असं काही नसतं, तो कागद अभ्यासासाठी असतो. तू म्हणालास, कागद कुनाचा नसतो, ज्याच्या हाताला लागंल त्याचा. आजही मला माहीत नाही तुझं बरोबर होतं की माझं. आपण त्यावर जानेवारीच्या मोजणीपर्यंत भांडलो. मी म्हणायचो, कागदावर नसेल ती जागा सरकारच्या लेखी नसतेच. उद्या कुणी बुजवली तर काय दाखवशील? तू म्हणायचास, उद्याचं उद्या, आज बंदूक आली ना? शेवटी तू कधी नव्हे तो आवाज चढवून म्हणालास, 'आगर माज्या बापाचं. त्याच्या रकान्यात काय लिवायचं नाय. समजलं?'

समजलं, म्हणालो. आणि घरी येऊन तिथे शून्य टाकलं.

यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही रे. लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात: रजिस्टरचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. रकाना रिकामा दिसला की शिफ्ट इनचार्ज सगळ्यांसमोर आवाज देतो, 'झोपला होतात काय?' काही सापडलं नाही तर शून्य लिहा, पण लिहा. माझा हात त्याच वळणाचा झालेला. आणि पक्की प्रत करायचं काम माझं होतं, अक्षर चांगलं म्हणून. तू कच्च्या कागदावर सही करून द्यायचास, मी रोह्याला बसून सुवाच्य अक्षरात उतरवायचो, तुझी सही जशीच्या तशी गिरवायचो आणि पोस्टात टाकायचो. पुढच्या चार वर्षांत तू पक्की प्रत एकदाही पाहिली नाहीस. मागितली नाहीस. तुझा माझ्यावर विश्वास होता. केवढा मूर्ख होतास तू!

चार वर्षं. दर जानेवारीला आपण आगरावर जायचो, तू चटया अंथरायचास, आकडा तुझ्या निळ्या वहीत लिहायचास आणि मी घरी जाऊन शून्य काढायचो. छान, गोल.

मग एका कंपनीला गोदामासाठी आणि ट्रक उभे करायला जागा हवी झाली. पडीक मिठागर, खांड गेलेला बांध, कुणाच्या उपयोगाचं नाही. गावातल्या निम्म्या लोकांना भराव हवाच होता, पोरांना नोकऱ्या लागतील म्हणून. त्यांना तरी काय बोलणार? तू आणि मी हरकत घेतली. सरकारी कचेरीतून सुनावणीला बोलावणं आलं. तू धुतलेला सदरा घातला होतास आणि तुझ्या खांद्याच्या पिशवीत ती निळी वही होती. मी बसमध्ये विचारलं, घेतलीस ना? तू पिशवीवर थाप मारलीस.

साहेबाने आपलं सगळं ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे. पाणी दिलं. मग एक फाइल उघडली आणि आपलेच शेवटचे चार फॉर्म टेबलावर पसरले. कंपनीच्या माणसाने ते मंडळाकडून रीतसर मागून आणले होते.

'ही तुमचीच नोंद ना? चार वर्षं ओळीने. तुम्ही त्या जागेवर गेलात, आणि पक्षी शून्य.'

मी तुझ्याकडे बघितलं. आता वही काढशील. तू एक फॉर्म हातात घेतलास, बराच वेळ बघितलास. मग तो उलटा केलास आणि मागची बाजू बघितलीस. मला वाटलं, वेळ काढतोयस. मग तू फॉर्म खाली ठेवलास, हात पिशवीवर ठेवलास आणि म्हणालास, 'आमाला आनखी काय बोलायचं नाय.'

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीपाशी मी तुला जे बोललो ते तिथल्या दहा माणसांनी ऐकलं. वही पिशवीत असताना गप्प बसलास, म्हणालो. तुझ्याच लपवाछपवीने आगर बुडवलं, म्हणालो. भित्रा आहेस, म्हणालो. तू ग्लासातल्या चहाकडे बघत उभा राहिलास, तेव्हा मला आणखी चेव आला आणि मी म्हणालो, 'जन्मभर देवाचे डोळे उघडलेस आणि स्वतःचे मिटून बसलास.' तू ग्लास तसाच ठेवलास आणि वडखळच्या गाडीत जाऊन बसलास. चहा पुरा न करता तू निघाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मे महिन्याच्या आत मुरूम पडला. मी बघायला आलो नाही. तू रोज जात होतास म्हणे.

अडीच वर्षं आपण बोललो नाही. मी बोललो नाही, असं म्हणायला हवं. तुझं पहिल्या वर्षी पोस्टकार्ड आलं होतं: 'तलवार बदकं पलीकडच्या खाजणाच्या दलदलीत बसतात. थोडीच हायत. ये.' मी ते लॅबच्या खणात टाकलं. दुसऱ्या वर्षी तू रोह्याच्या एका माणसाबरोबर निरोप धाडलास. मी त्याला सांगितलं, बघू. रागावलेल्या माणसाला वाटतं की समोरचा कुठे जात नाही, भांडण हवं तेव्हा पुढे चालू करता येईल. तू एकोणपन्नासाव्या वर्षी कावीळ अंगावर काढलीस आणि मला ती सोय ठेवली नाहीस. कंपनीच्या गेटवर फोन आला, तेव्हा तुझं सगळं आटोपलं होतं.

दहाव्याला सगळे गेल्यावर सुमनवहिनींनी मला आत बोलावलं. निळी वही फडक्यात बांधून ठेवलेली होती.

'ही तुमाला द्यायला सांगितली. बोलले, शरद येल. पन त्यानं इचारल्याबिगर काय सांगू नको.'

'मग विचारतो, वहिनी. त्या दिवशी त्याने वही का नाही काढली?'

वहिनींनी फडक्याची गाठ सोडली.

'भावजी, त्या कागदाच्या मागं बारीक अक्षरात काय लिवलंय ते तुमी वाचलंय काय?'

वाचलं नव्हतं. सात वर्षं, शेवटची दोन एकट्याने आणि आगर वगळून, दर जानेवारीला तो फॉर्म माझ्या हातात होता, मला इंग्रजी येतं, आणि मी त्याची मागची बाजू कधी वाचली नव्हती. सातवी शिकलेल्या तू ती पहिल्याच वर्षी तुझ्या लेकीकडून वाचून घेतली होतीस. जिथे गेला नाहीत तिथला रकाना कोरा ठेवा. जिथे जाऊन एकही पक्षी दिसला नाही तिथेच शून्य लिहा.

'ते बोलायचे, आपन कोरा ठिवतो, म्हंजे खरं बी नाय बोलत आनि खोटं बी नाय बोलत. गप ऱ्हातो फक्त. त्या दिशी कचेरीतनं आले, जेवले नाय. मी बोलले, अवो, वही दाखवायची ना. तर बोलले, वही दाखवली आसती तर सायब इचारला आसता, मंग शून्य कुनी लिवलं? खाली अक्षर शरदचं. माजी सही पन त्यानंच गिरवलेली. त्याची कंपनीत नोकरी हाय, लिवायचीच नोकरी हाय.' वहिनींनी वही माझ्या हातात दिली. 'आनि बोलले, एक रकाना खोटा निंगाला की तलावाचा, खाडीचा, सगळेच खोटे धरतील. त्या जागा तरी ऱ्हाऊ दे.'

'मला का नाही सांगितलं?'

'मी तेच बोलले. तर बोलले, त्याला कळलं तर तो मोजायचा सोडंल.'

जना, तुला हे कुणी सांगितलं होतं करायला? मला वाचव म्हणून मी आलो होतो तुझ्याकडे? टपरीवर मी तुला भित्रा म्हणालो, तेव्हा एवढंच म्हणायचं होतंस, 'शून्य तुझं आहे.' तीन शब्द. मी भांडलो असतो, नाकारलं असतं, मग रात्रभर तळमळलो असतो आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात आलो असतो. अडीच वर्षं वाचली असती. ती तू मला न विचारता खर्च केलीस. लोक याला मोठं मन म्हणतील. मला विचारशील तर ही शुद्ध अरेरावी आहे. माझ्या चुकीचं ओझं उचलायचा हक्क माझा होता.

असं मी तुला रोज सुनावतो, कुंडलिकेच्या पुलावरून शिफ्टला जाताना. आणि पूल संपेपर्यंत राग संपतो. वाईट वाटतंय, जना. फार वाईट वाटतंय. आता शब्द फिरवून बोलण्यात अर्थ नाही.

घरी येऊन वही उघडली. चार वर्षांचे खरे आकडे त्यात आहेत, तुझ्या त्या नाजूक, देवाच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताने शिसपेन्सिलीत लिहिलेले. प्रत्येक पानावर वर तिथी, भरतीची वेळ आणि मोजणाऱ्यांची नावं: जना, शरद. जना, शरद. मग भरावानंतरची दोन पानं. पलीकडच्या खाजणातली बदकं, शेकाटे, सगळं मोजलेलं. वर लिहिलंय 'जना', त्यापुढे स्वल्पविराम, आणि त्यापुढे माझ्या नावापुरती जागा सोडलेली. दोन्ही पानांवर. 'शरद आला नाही' असं तू लिहिलं नाहीस. रेघ मारली नाहीस.

परवा या जानेवारीचा फॉर्म भरायला एकटाच गेलो. खरं सांगतो, यंदा सोडणार होतो. पण 'तो मोजायचा सोडंल' हे तू वहिनींना सांगितलेलं वाक्य डोक्यातून जाईना. तलाव केला, काठ केला, खाडी केली. पलीकडच्या खाजणातली तुझी बदकंही बघितली, नव्वद-पंच्याण्णव असतील. त्यांच्यासाठी नवा रकाना आखला आणि खरा आकडा लिहिला. तुला पटलं नसतं. भांडायला ये.

मग आगरावर गेलो. तिथे आता मुरमावर ट्रक उभे असतात. पहारेकऱ्याने विचारलं, कुणाकडे? मी म्हणालो, थोडा वेळ उभा राहतो. तिथीची पाऊणपट केली, भरतीला अर्धा तास बाकी होता, भेळ बरोबर नव्हती. भरती आली तेव्हा भरावाच्या कडेला पाणी लागल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. मी चटई अंथरायला डोळे फिरवले. अंथरायला काही नव्हतं. पुरता एक तास थांबलो, कुणी म्हणायला नको की नीट बघितलं नाही.

मग फॉर्म उलटा करून मागची बारीक अक्षरं सगळी वाचली, पुन्हा सुलटा केला आणि आगराच्या रकान्यात शून्य लिहिलं. पाचव्यांदा लिहिलं आणि पहिल्यांदा खरं लिहिलं.

खाली पहिल्या जागी माझी सही केली. दुसऱ्या मोजणाऱ्याची जागा बराच वेळ बघत बसलो. हाताला सवय आहे, तुझी सही मला डोळे मिटून गिरवता येते. नाही गिरवली. शून्य टाकलं नाही, रेघही मारली नाही. कोरी ठेवून पाकीट बंद केलं.